अकरा शोकप्रस्ताव

“मेल्याने माणूस चांगला होत नाही, टाइपबाबू. नुसता गार पडतो.”

एवढं बोलून ते डबीतून तपकिरीची चिमूट काढत, डावा हात वर करून समोरच्याला गप्प बसवत आणि शिंक येऊन जाईपर्यंत कुणाला बोलू देत नसत. कुणाच्याही मरणाची बातमी दफ्तरात आली की हे ठरलेलं. कोणी “फार भला माणूस होता हो” म्हणायला तोंड उघडावं आणि यांचा हात वर जावा. शिंक झाल्यावर मिशा पुसून ते विचारत, “परवापर्यंत तर तुम्ही त्याला चोर म्हणत होता. भला कधी झाला, सकाळी की दुपारी?”

त्यांना सगळे बडेबाबू म्हणत, म्हणून मीही तेच म्हणतो. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या सरकारी दफ्तरात त्यांचं टेबल खिडकीशी आणि माझा टाइपरायटर त्यांच्या डाव्या हाताला. सात-आठ वर्षं मी त्यांच्या शिंका आणि त्यांची मतं दोन्ही झेलली. बोलणं तिखट, पण मसुदा असा की एक शब्द इकडचा तिकडे करायला जागा नाही. दरबारच्या काळात ते पत्रव्यवहार बघत. संस्थान विलीन झालं, मध्य भारत नावाचं राज्य झालं, आणि नव्या ज्येष्ठता यादीत कालपर्यंत यांच्या हाताखाली असलेली माणसं यांच्या वर जाऊन बसली. त्याचं त्यांना फार वाटलं नाही. वाटलं ते बस्त्यांचं.

त्याचं असं झालं. आमच्या खात्याचे नवे मंत्रीजी एकदा दफ्तर पाहायला आले. लाल कापडात बांधलेले दरबारचे जुने कागद, म्हणजेच हे बस्ते, कपाटांत छतापर्यंत रचलेले होते. मंत्रीजींनी नाकाला रुमाल लावला आणि म्हणाले, “यह सब कबाड़ हटाइए। अब जनता का राज है।” दुसऱ्याच दिवशी सगळं रद्दीत गेलं आणि पुढे महिनाभर सराफ्याजवळचे नमकीनवाले दरबारच्या हुकुमांत शेव बांधून देत होते. बडेबाबूंनी तो महिनाभर बाजारचं काही खाल्लं नाही. “पुडीवर माझंच अक्षर निघालं तर गळ्याखाली उतरेल का?” म्हणाले. दोन बस्ते तेवढे त्यांनी सायकलला बांधून घरी नेले. त्या दिवसापासून, सारं दफ्तर मंत्रीजी मंत्रीजी करत असताना, हे भर दफ्तरात त्यांना ‘तो’ म्हणायला लागले.

या मंत्रीजींवरून ग्वाल्हेरात दोन तट होते. बेगार बंद केली, खेड्यांत शाळा काढल्या म्हणून एक तट त्यांची आरती करी. राज्यांची पुनर्रचना झाली, राजधानी भोपाळला गेली आणि तेव्हा याच माणसाने मान डोलावली म्हणून दुसरा तट शिव्या देई. तुम्ही आमचं गाव जवळून पाहिलं असेल तर तुम्हाला ठाऊक असेल, की दोन्ही तटांत माणसं बहुतेक तीच होती. दुसऱ्याला कशाला नावं ठेवू? माझ्या वडिलांची फौजेतली नोकरी विलीनीकरणात गेली. ते मंत्रीजींना रोज शिव्या देत आणि माझ्या नोकरीची चिठ्ठी मात्र मंत्रीजींच्याच माणसाकडून घेऊन आले.

मग एके दिवशी सकाळी रेडिओवर बातमी आली, की मंत्रीजी भोपाळला झोपेतच गेले.

त्या दिवसाचं लष्कर मी डोळ्यांनी पाहिलं आहे. सराफ्यात एका शेटजींनी आधी मला घरात बोलावून पेढा दिला आणि मग बाहेर येऊन दुकानाची फळी लावली. महिन्यापूर्वी मंत्रीजी आले होते तेव्हा ज्या वकिलाने त्यांना काळे झेंडे दाखवले, त्याच वकिलाने त्याच झेंड्यांचं कापड फाडून दंडाला बांधायच्या काळ्या फिती केल्या. कापड चांगलं होतं, वाया कशाला घालवा! ज्या साप्ताहिकाने त्यांना ग्वाल्हेरचा सौदागर म्हटलं होतं, त्याने दुपारपर्यंत खास अंक काढून चौफेर काळी चौकट टाकून ‘ग्वालियर अनाथ’ असा मथळा छापला. महाराज बाड्यावर, गावातल्या मोठ्या चौकात, तर दोन माणसं खांदा द्यायला भोपाळला कोण जाणार यावरून एकमेकांची गळपट्टी धरून भांडली. दोघांनीही गेल्या निवडणुकीत त्यांना पाडायला जिवाचं रान केलं होतं.

बडेबाबू नेहमीच्या वेळी आले, पंखा लावला आणि डबा कोपऱ्यात ठेवला. मी म्हटलं, “बडेबाबू, आज दुपारनंतर छुट्टी आहे.”

“मग डबा लवकर खाऊ,” ते म्हणाले. तेवढ्यात साहेबांचा चपराशी बोलवायला आला.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या खात्याची एकेक शाखा भोपाळला हलत होती आणि पुढच्या यादीत बडेबाबूंचं नाव होतं. त्यांच्या बायकोला, म्हणजे आमच्या काकूंना, अर्धांगवायू झालेला. उजवी बाजू गेलेली. त्यांना उठवणं, न्हाऊ घालणं, भरवणं सगळं त्यांची धाकटी बहीण करी आणि ती राहत होती त्यांच्याच गल्लीत. भोपाळात कुत्रं ओळखीचं नव्हतं. नोकरीची दीड वर्षं उरली होती. ती ग्वाल्हेरातच काढू द्यावी असा अर्ज बडेबाबूंनी केला होता. आयुष्यात त्यांनी सरकारकडे मागितलेली ती एकच गोष्ट.

साहेब बाहेरगावचे होते, गोड बोलणारे. मी फाइल घेऊन मागे उभा होतो. “बड़े बाबू, आपकी अर्ज़ी मेरे ही पास है। रविवार को महाराज बाड़े पर बड़ी शोकसभा है, नए मंत्रीजी आएँगे। प्रस्ताव ज़रा ऐसा बनाइए कि लोग रो पड़ें। फिर अर्ज़ी की चिंता मत कीजिए।”

बडेबाबू “जी” म्हणाले. ‘जी’ म्हणताना त्यांची मान मी पहिल्यांदा खाली गेलेली पाहिली.

प्रस्ताव बडेबाबू लिहिताहेत ही बातमी फुटायला काय वेळ! संध्याकाळपर्यंत व्यापाऱ्यांची सभा, वकिलांची सभा, वाचनालय, आखाडा, भजन मंडळी अशा दहा संस्थांची माणसं मागच्या दाराने येऊन गेली. प्रत्येकाचं म्हणणं एकच: आम्हालाही एक शोकप्रस्ताव द्या, पण इतरांपेक्षा सरस. आणि कुणाला सांगू नका. बडेबाबूंनी प्रत्येकाला विचारलं, “त्यांची एखादी चांगली गोष्ट सांगा, म्हणजे लिहितो.” दहांतल्या एकालाही सांगता आली नाही. व्यापारी सभेचे चिटणीस तर म्हणाले, “अहो, मला काय पता? तुम्हीच काहीतरी टाका ना.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्यापुढे एक पिवळा पडलेला कागद ठेवला. “हा घ्या. नावाची जागा सोडून बाकी जसाच्या तसा उतरवा. अकरा प्रती. हिंदीत मी केलंय, मागच्या बाजूला आहे.”

मी वाचला. ‘ज्यांच्या चालीने मिरवणुकीला शोभा येई, ज्यांनी थोरामोठ्यांचा भार निमूट वाहिला, भर गर्दीत ज्यांनी एकाही लेकराला पायाखाली येऊ दिले नाही, ज्या हाताने घास दिला त्या हाताला जे कधी विसरले नाहीत, त्यांच्या जाण्याने दरवाजा सुना झाला आहे.’ मी म्हटलं, “बडेबाबू, सुंदर आहे. पण हे त्या माणसाला…”

“त्या माणसाला नाही. भोलाप्रसादला.”

भोलाप्रसाद म्हणजे दरबारचा हत्ती. दसऱ्याच्या स्वारीत पुढे असायचा. विलीनीकरणाच्या दोन वर्षं आधी तो मेला तेव्हा दरबारने दुखवटा पाळला होता आणि हत्तीखान्यात वाचायचा मजकूर बडेबाबूंनी लिहिला होता. घरी आणलेल्या बस्त्यांत तो निघाला. “ ‘दरवाजा’च्या जागी ‘प्रदेश’ घाला,” ते म्हणाले. “बाकी एका गाढवाला कळायचं नाही. लावता पैज?”

मी हसून हसून टाइपरायटरवर डोकं ठेवलं. तीन-तीन कार्बन घालून अकरा प्रती काढल्या. साहेबांनी वाचला आणि “वाह!” म्हणाले. वकील म्हणाले, “ऐसा तो हम सोच ही रहे थे।” अकराही जणांनी कागद घडी करून आतल्या खिशात ठेवला.

रविवारी बाडा भरला होता. व्यासपीठावर नवे मंत्रीजी, साहेब आणि काळ्या फिती लावलेले दहा अध्यक्ष. पहिल्या अध्यक्षांनी प्रस्ताव वाचला, लोकांनी माना हलवल्या. दुसऱ्याने तोच वाचला. तिसरा उभा राहिला आणि कागद उघडून पांढराफटक पडला, तरी त्यानेही तोच वाचला. प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्याने आपला चोरला. पण चोरला म्हणावं तर आपणही कुणाकडून तरी लिहून आणला हे उघडं पडणार! चौथ्यानंतर साहेबांनी घाईघाईने जाहीर केलं की बाकीचे प्रस्ताव वाचले असं समजावं. बडेबाबू माझ्या शेजारी उभे होते. इतकं खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

आणि तेव्हा पुढच्या बाजूला कुणीतरी हंबरडा फोडला.

एक म्हातारा मियाँ, डोक्याला मळका साफा, जमिनीवर बसून दोन्ही हातांनी तोंड झाकून रडत होता. मंत्रीजी गेल्यापासूनच्या चार दिवसांत सबंध लष्करात मी पाहिलेले ते पहिले खरे अश्रू. व्यासपीठावर चैतन्य आलं. दोघांनी त्याला धरून वर नेलं, फोटोवाला धावला आणि साहेबांनी माइक त्याच्या तोंडापुढे धरला. “बोलो बाबा, मंत्रीजी की क्या याद है?”

बडेबाबूंनी माझं मनगट पकडलं. “हा त्याचा माहूत,” ते पुटपुटले. “भोलाप्रसादचा.” म्हाताऱ्याने हत्तीचं नाव घेतलं असतं तर अर्ज, नोकरी, पेन्शन सगळं तिथेच बाड्यावर संपलं असतं.

म्हातारा बराच वेळ नुसता हुंदके देत राहिला. मग म्हणाला, “मेरे हाथ से खाता था, हुज़ूर। बीमार पड़ा तो और किसी के हाथ से नहीं खाया।”

टाळ्यांचा कडकडाट झाला. मंत्रीजी अमर रहे! नव्या मंत्रीजींनी डोळे पुसले. दुसऱ्या दिवशी त्या साप्ताहिकात फोटो होता आणि खाली लिहिलं होतं, ‘गरीब के हाथ की रोटी खाने वाला नेता’. माझ्या आयुष्यात एवढा मूर्खपणा एका ठिकाणी जमलेला मी पुन्हा पाहिला नाही.

मी टाळ्या पिटत बडेबाबूंकडे वळलो. ते हसत नव्हते.

मंगळवारी म्हातारा दफ्तरात आला. विलीनीकरणात हत्तीखाना मोडल्यापासून तो स्टेशनजवळ पडावाला, टांग्यांच्या अड्ड्यावर, घोड्यांसाठी चारा विकत असे. हातात ते साप्ताहिक होतं, कुणा टांगेवाल्याने वाचून दाखवलेलं. त्याने बडेबाबूंना ओळखलं. भोलाप्रसाद गेला त्या दिवशी हत्तीखान्यात मजकूर वाचणारे हेच, हे त्याच्या लक्षात होतं.

“हुज़ूर, इतने साल बाद किसी ने उसको याद किया। पूरे बाड़े ने याद किया,” तो म्हणाला. “एक-एक बात सही लिखी है। बस नाम ग़लत छप गया। आप ठीक करवा दीजिए।”

मला हसू फुटलं. बडेबाबूंनी माझ्याकडे असं पाहिलं की ते घशातच राहिलं. त्यांनी म्हाताऱ्याला स्वतःच्या समोरच्या खुर्चीवर बसवलं. त्या खुर्चीवर चारावाला बसलेला दफ्तराने कधी पाहिला नव्हता.

“करवा देंगे, मियाँ,” ते म्हणाले.

तो गेल्यावर मी म्हटलं, “म्हाताऱ्याला काय, दोन दिवसांत विसरेल. परेशान होऊ नका.”

“तुम्हाला कळत नाही, टाइपबाबू,” ते म्हणाले. तपकिरीला हात लागला नाही. “मी त्या माणसाची फजिती करायला निघालो होतो. त्याचं काय गेलं? तो मेला. या अकरा गाढवांचं काय गेलं? त्यांना कळलंच नाही. फजिती झाली ती भोलाप्रसादची. जन्मात मनापासून एकच मजकूर लिहिला होता मी, आणि तो मी कुणाच्या अंगावर घातला!”

संध्याकाळी मी त्यांच्याबरोबर घरी गेलो. काकू उशीला टेकून बसल्या होत्या. बडेबाबूंनी माझ्याकडून टाइप करून घेतलेला एक कागद त्यांना वाचून दाखवला. दफ्तरात चुकीचा कागद बाहेर गेला की शुद्धिपत्र काढतात, ठरलेल्या भाषेत. हे तसंच होतं: ‘रविवारच्या सभेत स्वीकृत शोकप्रस्तावात नजरचुकीने नाव अशुद्ध पडले आहे. दिवंगत मंत्री महोदयांच्या नावाऐवजी दरबारचा हत्ती भोलाप्रसाद असे वाचावे.’ खाली त्यांची सही.

काकूंच्या तोंडाची डावी बाजूच हलायची. तेवढ्या बाजूने त्या हसल्या. हसता हसता त्यांना ठसका लागला, बहिणीने पाणी पाजलं.

“हे गेलं की भोपाळ,” बडेबाबू म्हणाले. “मी फाडून टाकतो. तुझं कोण करेल तिथे?”

काकूंना एकेक शब्द ओढून आणावा लागे. “तुम्ही कराल,” त्या म्हणाल्या. मग श्वास घेऊन, “त्या म्हाताऱ्याला शब्द दिलात ना? पाठवा.”

बहीण पदराने डोळे पुसत आत गेली. मी तिथे बसून होतो आणि माझ्या मनात एकच विचार चालला होता: टाइप मी केलंय, माझं नाव तर येणार नाही ना? तो विचार अजून आठवतो आणि स्वतःचीच किळस येते.

शुद्धिपत्र दहाही संस्थांना, साहेबांना आणि त्या साप्ताहिकाला गेलं. वाचनालयाने ते मिळालंच नाही असं कळवलं. वकिलांनी खटल्याची धमकी दिली, पण खटला म्हटला की प्रस्ताव कुणी लिहिला ते कोर्टात निघणार, म्हणून गप्प बसले. व्यापारी सभेच्या चिटणिसांनी तर न वाचताच उलट टपाली लिहिलं, ‘आपका शुद्धिपत्र प्राप्त हुआ। कार्यवाही में संशोधन कर लिया गया है।’ म्हणजे त्या एका सभेच्या दफ्तरी आजही भोलाप्रसादचाच दुखवटा आहे. साप्ताहिकाने छापलं नाही.

साहेबांनी बोलावलं. त्यांचा गोडवा त्या दिवशी संपला होता. “आपको पता है आपने क्या किया है?”

“जी. शुद्धिपत्र निकाला है.”

“इसे टाइप किसने किया?”

“मैंने,” बडेबाबू म्हणाले. त्यांना टाइपरायटरवर कागद चढवतासुद्धा येत नव्हता. मी दारात उभा होतो आणि मी तोंड उघडलं नाही.

आठवड्यात हुकूम आला: भोपाळ, तत्काळ. निरोप समारंभ झाला नाही. ज्या दफ्तरात चपराश्याच्या बदलीलाही हार येत, तिथे कुणी त्यांच्या टेबलाकडे पाहीना. माझ्याकडे पाहूनही लोक अंतर ठेवू लागले, आणि मीही त्यांच्याशी मुद्दाम हसून बोलू लागलो.

स्टेशनवर मात्र मी गेलो. एवढं तरी केलं. काकूंना वेताच्या खुर्चीत बसवून आणलं होतं. गाडी लागली, पण डब्याची पायरी उंच आणि खुर्ची दारातून आत जाईना. हमाल ओढाताण करत होते, काकू घाबरून डोळे मिटून बसल्या होत्या. तेवढ्यात पडावावरून म्हातारा आला, अंगावर चाऱ्याच्या काड्या तशाच. त्याने हमालांना बाजूला केलं. “बाई साहेब, डरना नहीं। बड़े-बड़े लोगों को चढ़ाया है,” म्हणत तो पायरीशी गुडघा टेकून बसला, काकूंचा चांगला हात स्वतःच्या मानेभोवती घेतला आणि एका दमात उठून त्यांना आत बाकावर ठेवलं. केसालाही धक्का लागला नाही. मग खाली उतरून गुडघे चोळत उभा राहिला.

“हुज़ूर, अख़बार में अभी आया नहीं,” तो बडेबाबूंना म्हणाला.

“नहीं आएगा, मियाँ,” बडेबाबू म्हणाले. “मैंने लिखकर भेज दिया। छापते नहीं।”

“आपने लिख दिया ना? उसका नाम?”

“लिख दिया।”

म्हाताऱ्याने मान हलवली. त्याचं समाधान झालं.

शिट्टी झाली. बडेबाबू डब्याच्या दारात उभे राहिले. मला वाटलं, माझ्याशी काही बोलतील. ते माझ्याकडे बघतही नव्हते. त्यांनी टोपी नीट केली, कमरेत वाकले आणि फलाटावरच्या त्या चारावाल्याला दरबारी मुजरा केला. तीनदा, हात जमिनीपर्यंत नेऊन, जसा कधीकाळी गादीपुढे करत असतील तसा. गाडी हलली तरी ते वाकलेलेच होते.

म्हाताऱ्याने जन्मभर दुसऱ्यांना मुजरे केले होते. त्याला कुणी करेल असं त्याच्या स्वप्नातही नसेल. परत काय करायचं ते त्याला सुचेना. शेवटचा डबा जाईपर्यंत तो, दरबारात मुजरा घेणारे सरदार उभे राहत तसा, दोन्ही हात पाठीमागे धरून, मान ताठ करून उभा राहिला.